गॅरंटी न देणारं क्लिनिक : खाजगी जागच्या चामखिळींवरचे उपचार, एका घणसोलीकराच्या नजरेतून

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेटिंगसाठी, त्याबद्दल शेवटी.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या स्किन क्लिनिकबद्दल लिहितोय त्याचं नाव देत नाही. लिंगाच्या मुळाशी आलेल्या चामखिळींसाठी घणसोलीहून येणारा, महापे एमआयडीसीत शिफ्ट करणारा दुसरा पेशंट त्यांच्याकडे असेल असं वाटत नाही. नाव टाकलं की तिथला कंपाउंडरसुद्धा माझी फाईल काढून दाखवेल. तेव्हा क्लिनिकपेक्षा उपचारांचाच हा रिव्ह्यू समजा. नौपाड्यात आणि वाशीत बरे स्किनचे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर काय विचारायचं आणि काय ऐकून उठून यायचं, एवढं कळलं तरी पुरे.

मराठीत याबद्दल शोधायला गेलं की एकतर ‘सात दिवसांत मुळासकट’ छापाच्या जाहिराती येतात, नाहीतर पाठ्यपुस्तकातला उतारा. मलम लावून नाईट शिफ्ट कशी करायची, बायकोला काय सांगायचं, जाळल्यावर बाईकवर बसता येतं का, हे कुणी लिहीत नाही. माझं काम मेंटेनन्सचं. मशीन बंद पडलं की आम्ही आधी विचारतो नेमकं बिघडलंय काय, मग लाइन किती वेळ बंद राहणार, खर्च किती, आणि परत बिघडेल का. उपचारही मी याच प्रश्नांनी तपासले. शेवटच्या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं यावरून डॉक्टरची पारख होते, हे या सगळ्यातून माझं ठाम मत झालंय.

आजाराबद्दल थोडं. एचपीव्ही नावाचा विषाणू. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत आणि खाजगी जागच्या दहापैकी नऊ चामखिळींमागे ६ आणि ११ नंबरचे प्रकार असतात. कातडीला कातडी लागून पसरतो, म्हणून निरोधने धोका कमी होतो, पण संपत नाही. निरोधच्या बाहेरची कातडी उघडीच असते ना. लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे जातात, काही महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. कित्येकांच्या अंगात विषाणू येऊन जातो आणि त्यांना एकही चामखीळ येत नाही. माझ्याकडे सुरुवात एका खरखरीत दाण्याने झाली. खाज नाही, दुखणं नाही. मग शेजारी आणखी उगवले, वर केसांच्या भागातही.

सगळ्यात आधी मी गेलो ते आमच्याच ट्रान्सहार्बर लाईनवरच्या एका स्टेशनबाहेरच्या ‘त्वचा व गुप्तरोग’ केंद्रात. ड्यूटीवरून सुटल्यावर सोयीचं पडत होतं. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी टॉर्च मारला, मिनिटभरात बोटाने मोजलं आणि नगावर भाव सांगितला. हो, नगावर! एका सिटिंगमध्ये मुळासकट, वर रक्तशुद्धीची पावडर, आणि ‘परत आलं तर पैसे परत’ अशी लेटरहेडवर लेखी गॅरंटी. मोजताना त्यांनी लिंगाच्या टोकाशी कडेने ओळीत बसलेले बारीक दाणेही धरले, त्यामुळे नग बरेच झाले. लेटरहेडवर डिग्रीच्या जागी चार-पाच अक्षरं होती, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. एटीएममधून पैसे घेऊन येतो म्हणालो आणि ठाण्याची गाडी पकडली.

नौपाड्याच्या क्लिनिकला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, “स्किन की केस?” मी म्हटलं स्किन. झालं, नाव लिहून घेतलं. या एका गोष्टीसाठी त्यांना अर्धा तारा जास्तीचा द्यायला हवा. गुप्तरोगाचा बोर्ड असलेल्या ठिकाणी जिना चढताना माणूस चार वेळा मागे बघतो. स्किन क्लिनिकच्या वेटिंगमध्ये कॉलेजच्या मुली पिंपल्सला आलेल्या असतात, आयटीवाले टक्कल पडतंय म्हणून आलेले असतात, एखाद्या आजोबांच्या पायाला भेगा असतात. आपण का आलोय ते कुणाच्या गावीही नसतं. डॉक्टरांच्या पाटीवर ‘एमडी, डीव्हीएल’ असलं की पुरे. त्वचारोग, लैंगिक आजार आणि कुष्ठरोग या तिन्हींचं ते शिक्षण असतं. वेगळ्या गुप्तरोगतज्ज्ञाच्या शोधात फिरायची गरज नाही.

डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच विचारलं, “तपासताना मेल असिस्टंट आत असलेला चालेल ना? तुम्ही नको म्हणालात तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते.” मी चालेल म्हटलं. पडदा ओढला, ग्लोव्ह्ज घातले, दिव्याचं भिंग लावून सगळं सावकाश बघितलं, मागची बाजूही. आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की टोकाशी ओळीत बसलेले दाणे चामखिळी नाहीतच. पुष्कळ पुरुषांना ते असतात, वयात आल्यापासूनच असतात, कुणाला देता-घेता येत नाहीत आणि त्यांना हात लावायचा नसतो. म्हणजे स्टेशनबाहेरच्या हिशोबातले निम्म्याहून जास्त नग माझ्या धडधाकट कातडीचे होते आणि ते जाळायचे मी पैसे मोजणार होतो.

त्यांनी बायोप्सी काढली नाही. चामखीळ काळपट असेल, तिला जखम झाली असेल, रक्त येत असेल किंवा उपचाराला अजिबात दाद देत नसेल, तरच तुकडा काढून तपासतात म्हणाल्या. रक्ततपासण्या मात्र लिहून दिल्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसची व्हीडीआरएल. सिफिलिसमध्येही त्या भागात चामखिळीसारखेच चपटे, ओलसर उंचवटे येतात, आणि त्यांना जाळून काही होत नाही, त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत आणि गुप्त होते हेही त्यांनीच सांगितलं; स्वतःच्या ओळखीच्या लॅबची चिठ्ठी सरकवली नाही. मी वाशीच्या पालिका रुग्णालयात गेलो. तपासणीआधी समुपदेशक बोलतो, सही घेतो, रिपोर्टही समोर बसवूनच देतो. आवाज न चढवता, नजर न चोरता बोलणारा माणूस होता. कुणाला आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर उपचाराचं बोलणं झालं. मी माझे प्रश्न ओळीने टाकले. शेवटचा आला तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

“परत येऊ शकतं. मी काहीही केलं तरी. दिसणारी चामखीळ मी काढेन, आजूबाजूच्या कातडीतल्या विषाणूला मारणारं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. ते काम तुमचं शरीर करतं, त्याला महिने लागतात. परत आलीच तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येते. हे मान्य असेल तर सुरू करू.”

गॅरंटीचं लेटरहेड दाखवणाऱ्याकडून उठून आलो होतो आणि इथे या बाई सरळ येऊ शकतं म्हणतायत. मी तिथेच फाईलचे पैसे भरले.

त्यांनी हेही सांगितलं की काहीच न करणं हासुद्धा एक मार्ग आहे. बऱ्याच जणांच्या चामखिळी वर्षभरात आपोआप जातात. पण काहींच्या वाढतात, आणि तोवर जोडीदाराला लागण्याचा धोका असतोच. लग्न झालेला माणूस म्हटल्यावर मला थांबायचं नव्हतं.

पहिला उपचार झाला क्रायोचा, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. आमच्या प्लांटला नायट्रोजनचा उभा टँक आहे, त्याच्या पाइपवर साचलेला बर्फ मी रोज बघतो. उणे १९६ अंशांचा तोच द्रव आपल्या तिथे फवारणार म्हटल्यावर पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. प्रत्यक्षात हातात मावणारा फ्लास्क असतो, त्याला बारीक नळी. चामखीळ आणि तिच्याभोवतीची चिमूटभर कडा पांढरी होईपर्यंत काही सेकंद मारतात, वितळू देतात, पुन्हा मारतात. सुन्न करायचं इंजेक्शन नाही, धूर नाही, रक्त नाही. आधी चटका बसतो, मग चरचरतं, घरी पोचेपर्यंत ठसठस सुरू होते. दुसऱ्या दिवशी फोड आला. तो फोडायचा नाही. पुढे खपली धरली आणि आठवडाभरात पडली.

लाइन बंद किती? त्या दिवशीपुरती. ठाण्याला बाईक नेऊ नका. ट्रेनमध्ये उभं राहिलेलं परवडतं, पण ठाणे-बेलापूर रोडवरून बाईकने घरी येणं म्हणजे शिक्षा. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर होतो, सैल सुती चड्डी आणि एक नंबर मोठी पँट घालून. बॉयलरच्या बाजूला घामाने झोंबतं, तेवढं सोसायचं. तोटा म्हणजे एका खेपेत काम होत नाही, दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं. शिवाय नायट्रोजन साठवला तरी उडून जातो, म्हणून क्लिनिकमध्ये तो ठरावीक वारीच आणतात. तो वार आणि माझा वीकली ऑफ जुळवता जुळवता शिफ्ट इन्चार्जला किती थापा मारल्या त्याची गणती नाही. सावळ्या कातडीवर पांढरा डागही राहतो. माझा एक अजून दिसतो. तिथे कोण बघायला येणार!

क्रायोने जाड, कोरड्या चामखिळी गेल्या. वर केसांच्या भागात बारीक बारीक पसरलेल्या होत्या त्यांच्यासाठी इमिक्विमॉड मलम दिलं, पाच टक्क्यांचं. हे मलम चामखिळीला स्वतः जाळत नाही. त्या जागची प्रतिकारशक्ती जागी करतं, मग शरीरच चामखिळीवर तुटून पडतं. आठवड्यातून तीन रात्री, एक दिवस आड लावायचं, सहा ते दहा तास ठेवायचं, मग साबणाने धुवायचं. जास्तीत जास्त सोळा आठवडे. पाकिटावर ‘झोपण्यापूर्वी’ लिहिलेलं असतं, आणि इथे माझी आठवड्याआड नाईट. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “तुमची रात्र म्हणजे तुमची झोप. सकाळी आठला झोपता तर सकाळी आठला लावा आणि दुपारी उठून धुवा.” ही साधी गोष्ट, पण एवढ्यावर माझी निम्मी काळजी मिटली.

पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. मग लाली येते, सोलवटल्यासारखं होतं, क्वचित साल जाते. याला घाबरून मलम सोडू नये, औषध काम करतंय त्याचीच ती खूण असते. पण चालताना त्रास व्हायला लागला किंवा जखम झाली तर काही रात्री थांबायचं आणि शांत झालं की पुन्हा धरायचं. मला एकदा अंग मोडून कणकणही आली, ती या मलमाने येऊ शकते हे आधीच सांगितलेलं होतं. आणखी एक गोष्ट कुठल्या मेडिकलवाल्याने सांगितली नसती: हे मलम निरोधचं रबर कमकुवत करतं, म्हणून लावलेलं असताना संबंध टाळायचे. सॅशे एकदा फोडला की उरलेलं टाकून द्यायचं, ते जिवावर येतं, कारण स्वस्त नाहीये. एकूण खर्चात मलमाचाच वाटा मोठा निघाला. घरात आई आहे. बाथरूममध्ये पाकीट बघून तिने विचारलं हे कसलं, मी म्हटलं नायट्याचं. तिने लगेच शेजारच्या काकूंना सुचवलं! तेव्हापासून पाकीट माझ्या टूलबॉक्समध्ये गेलं.

नायट्यावरून आठवलं. मेडिकलमध्ये जाऊन खालमानेने ‘तिथे काहीतरी झालंय’ एवढंच सांगितलं की हमखास नायट्याची ट्यूब हातात पडते. त्यातल्या बहुतेकांत स्टिरॉइड असतं. चामखिळीला त्याचा काही उपयोग नाही, उलट बिघडू शकतं. तळपायाच्या कुरूपावर लावतात ती सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पट्टी किंवा थेंबही इथे चालत नाहीत. त्या भागातली कातडी पातळ असते, भाजून निघेल.

घरी लावायचं दुसरं औषध म्हणजे पॉडोफायलोटॉक्सिन. मला दिलं नाही, पण का नाही ते समजावून सांगितलं. ते मऊ, ओलसर चामखिळींवर चांगलं चालतं, पुढच्या कातडीच्या आत वगैरे असतात तशा. माझ्या कोरड्या, टणक होत्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावायचं, चार दिवस सुट्टी, असे जास्तीत जास्त चार आठवडे. पेशींचं विभाजनच ते थांबवतं, म्हणून गरोदर बाईला देत नाहीत. हिमालयात उगवणाऱ्या वनककडी नावाच्या झाडाच्या मुळातून हे द्रव्य निघतं. त्याच मुळाचा कच्चा राळेसारखा अर्क, पॉडोफायलिन, आजही काही ठिकाणी लावतात, पण त्याची ताकद बाटलीगणिक बदलते. तो डॉक्टरनेच लावायचा असतो आणि काही तासांत धुवायचा असतो. कुणी ती बाटली घरी नेऊन रोज लावा म्हणालं तर नको म्हणा.

आणि मग सांगितलं होतं तसंच झालं. सगळं स्वच्छ झालं म्हणून मी निर्धास्त झालो आणि दिवाळीच्या तोंडावर मुळाशी दोन दाणे पुन्हा हजर. राग आला का? आला. पण बाईंवर नाही. त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. स्टेशनबाहेरच्या गृहस्थांकडे केलं असतं तर मी ते लेटरहेड घेऊन भांडायला गेलो असतो आणि त्यांनी पावडरचा दुसरा डबा विकला असता.

या वेळी रेडिओफ्रिक्वेन्सी कॉटरी केली, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणं. आधी तासभर सुन्न करायचं क्रीम लावून बाहेर बसवलं, मग बारीक सुईने इंजेक्शन. सगळ्या प्रकरणात खरं दुखलं ते हे इंजेक्शन. त्यानंतर काही कळत नाही, फक्त वास येतो. इथे एक गोष्ट बघून घ्या. चामखीळ जळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, म्हणून धूर ओढून घेणारी नळी हवी आणि खोलीतल्या सगळ्यांना मास्क हवा. इथे दोन्ही होतं. नळीचा आवाज आमच्या वर्कशॉपमधल्या एक्झॉस्टसारखा येत होता, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. काम मिनिटांत झालं, जखम भरायला मात्र क्रायोपेक्षा वेळ लागला. दोन आठवडे तरी मलम आणि सैल कपडे, आणि पूर्ण भरेपर्यंत संबंध बंद. दिसणारी चामखीळ एका खेपेत घालवायची असेल तर हा मार्ग. थोडक्या आणि मोठ्या असतील तर डॉक्टर ब्लेडने खरवडूनही काढतात.

ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडबद्दल ऐकून आहे, स्वतः घेतलेलं नाही. ऐंशी-नव्वद टक्के तीव्रतेचं असतं, डॉक्टरच काडीने टेकवतात, जागा पांढरी पडते. गरोदरपणात क्रायोसारखं हेही चालतं. सीओटू लेझरची जाहिरात सगळ्यात मोठी असते. मी विचारलं तर बाई म्हणाल्या की खूप पसरलेल्या किंवा लघवीच्या वाटेत, गुदद्वाराच्या आत असलेल्यांना ते कामाचं. तुमच्या दोन दाण्यांना लेझर लावला तरी परत येण्याचा धोका तोच, बिल फक्त वेगळं. सगळ्यांना लागू पडेल असा एकच सर्वोत्तम उपचार नाही. जागा कुठली, किती आहेत, कोरड्या की ओल्या, आणि माणसाला किती वेळा येणं जमेल यावर ते ठरतं.

आता घरातलं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण याच भीतीने माणसं डॉक्टरकडे जात नाहीत. बायकोला मी रिपोर्ट आल्यावर सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, मला डॉक्टरांशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसा.” बाईंनी तिला आत घेतलं, मी बाहेर केसवाल्यांमध्ये बसलो. आत तिने काय काय विचारलं ते सगळं मला माहीत नाही. तिने सांगितलं ते एवढंच: हा विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून आणि कधी आला हे कुठल्याच तपासणीत कळत नाही, आणि आज चामखीळ दिसली म्हणून काल काही घडलं असा अर्थ निघत नाही. बाईंनी माझी बाजू घेतली नाही, तिचीही घेतली नाही. जे सांगता येतं ते सांगितलं आणि जे सांगता येत नाही तिथे थांबल्या.

तिची खरी भीती कॅन्सरची होती. त्याचं उत्तर सोपं आहे. ६ आणि ११ नंबरवाले चामखिळी देतात, कॅन्सर देत नाहीत. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. नवऱ्याला चामखिळी झाल्या म्हणून बायकोला जास्तीची तपासणी लागते असंही नाही. पण तिशीनंतर प्रत्येक बाईने ही तपासणी करायलाच हवी, आणि तिने कधीच केली नव्हती. या निमित्ताने वाशीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन केली. चामखीळ नव्हती, रिपोर्टही चांगला आला.

लशीचाही विषय निघाला. ती आलेल्या चामखिळी घालवत नाही, त्यामुळे मला तिचा उपयोग नव्हता. पण आमची मुलगी आता नऊ वर्षांची होईल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर ती चालते, म्हणजे कॅन्सर आणि चामखिळी दोन्हींवर. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरा ते सव्वीसमध्ये तीन, मुलग्यांनाही देता येते. फक्त १६ आणि १८ वर चालणारी लसही असते, तिने चामखिळी अडत नाहीत, तेव्हा विचारून घ्या. बायकोने मुलीच्या शाळेच्या डायरीत मागच्या पानावर तारीख लिहून ठेवलीय.

घरगुती उपायांवर जास्त लिहीत नाही. माझे वडील माथाडी, गाव पाटणकडचं. तिकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, नाहीतर चुना-सोडा लावतात. हाताच्या चामखिळीचं काय करायचं ते करा, खाजगी जागी चुना लावून भाजलेल्या माणसाची गोष्ट डॉक्टरांकडूनच ऐकली, तीही त्यांनी अशी काही रंगवून सांगितली की मी पाय जवळ घेतले. कंपनीतला एक सहकारी प्रत्येक गोष्टीला होमिओपॅथीचं थुजा सुचवतो. त्याच्या मेहुण्याच्या थुजाने गेल्या म्हणे. गेल्या असतील, आपोआप जायच्या त्या जातातच, श्रेय गोळ्यांना मिळतं. दाढीचं ब्लेड मात्र तिथे फिरवू नका. बारीक कापल्या जागांतून चामखिळी पसरतात. मला कात्रीने केस बारीक ठेवायला सांगितलं होतं.

पैशांचं बोलायचं तर माझ्या वेळी तपासणी आठशे रुपये, क्रायो दर खेपेला पंधराशे, कॉटरी पाच हजार, मलम वेगळं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं तिथे मोफत असतात. एवढंच की तिथली औषधांची रंगीत किट स्राव, जखमा वगैरेंसाठी असतात, चामखिळीचं किट नसतं. त्यासाठी स्किन ओपीडीचा वार विचारून जा.

राहिला कापलेला तारा. अपॉइंटमेंट सातची असली तरी नंबर साडेआठला लागतो. खुर्च्या कमी, एसी फक्त आतल्या खोलीत, आणि क्रायो झाल्यावर बिलासाठी उभं राहावं लागतं, तेही नेमकं जळजळ सुरू होताना. काउंटरवरच्या बाईंना एकदा म्हटलं की प्रोसीजरवाल्यांचं बिल आधी घेत जा. त्या हो म्हणाल्या, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बिलावर फक्त ‘स्किन प्रोसीजर’ लिहून देतात, कंपनीत दाखवायला अडचण येत नाही. यूपीआय चालतं. गुरुवारी बंद, आणि फोन दुपारी चारच्या आधी कुणी उचलत नाही.